मी येईपर्यंत सांभाळ

मिरज,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधू,

पोचले. बाबांना काल आयसीयूतून खोलीत आणलं. खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय, बाबा मात्र नीट नाहीत. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस नोकरी सोडून?" आणि लगेच नर्सला हाक मारून सांगायला लागले, "ही माझी मुलगी. सिंगापूरहून आलीय." आई गेल्यापासून स्वतःचं सगळं स्वतः करणारा माणूस. आता बाथरूमला जायचं तरी कुणाचा तरी हात धरावा लागतो, ते त्यांना सोसत नाहीये. डॉक्टर म्हणतात, चालायला लागेपर्यंत दोन महिने धरून चाला. खोलीत सतत कोणी ना कोणी भेटायला येतं, फोनवर धड बोलता येत नाही. म्हणून ही अशी लांबलचक मेल लिहितेय. तूही असंच लिही.

ऋताला तुझ्याकडे सोडून निघाले तेव्हा मी रडले, ती नाही. "मम्मा, गो लाह, आय ॲम ओके," म्हणाली आणि तुझ्या नीलबरोबर कॅरम मांडून बसली. घटस्फोटानंतर तिला मी कुणाकडे एक दिवसही ठेवलं नव्हतं. तुझ्याकडे ठेवताना दुसरा विचारही मनात आला नाही.

आता ऑफिस. माझं काम मी येईपर्यंत तुला द्यायला अभय तयार झाला, हे मला अजून खरं वाटत नाही. बॉस म्हणून तो सहसा कुणावर इतका विश्वास टाकत नाही. तू ॲपच्या टीमची, सर्व्हरशी तुझा संबंध नाही, म्हणून सोपं करून सांगते, रागावू नकोस. डायलिसिसच्या पेशंटना घरून सेंटरला नेणाऱ्या व्हॅनचं सगळं बुकिंग आपल्या दोन सर्व्हरवर चालतं. एक पडला की दुसरा आपोआप काम उचलतो, तो फेलओव्हर. पहिला उठून उभा राहिला की काम आपोआप त्याच्याकडे परत जातं, तो फेलबॅक. फेलओव्हर चालू आहे, तो चालूच राहू दे. फेलबॅक मी मुद्दाम बंद ठेवलाय. पहिल्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड खराब आहे. तो सुरू होतो, थोडा वेळ झकास चालतो आणि पडतो. नवीन कार्ड यायला मार्च उजाडेल. तोवर सगळं काम दुसऱ्यावरच राहायला हवं.

बाकी तुला फक्त लक्ष ठेवायचंय. मी येईपर्यंत सांभाळ.

तुझी,
जाई

*

बुओना व्हिस्टा, सिंगापूर,
९ फेब्रुवारी

प्रिय जाई,

बाबांना माझा नमस्कार सांग. आणि सांग, की मुलगी आली म्हणून इतका आनंद झाला असेल तर जेवत जा म्हणावं.

ऋता मजेत आहे. शाळेतून आली की आधी आमच्याकडचा फ्रिज उघडते. काल मी थालीपीठ केलं तर म्हणाली, "मधुमावशी, यू कॅन ओपन अ हॉकर स्टॉल, लाह!" नीलला घरी तीच सोबत. डिसेंबरमध्ये त्याची नोकरी गेल्यापासून तो दिवसभर लॅपटॉप उघडून बसतो आणि कुठूनच उत्तर येत नाही. ऋता आली की तो हसतो तरी. खरं तर तूच आमच्यावर उपकार केलेस.

ऑफिसात सगळं ठीक. फक्त एक विचारायचं होतं. अभय म्हणतो, पहिला सर्व्हर आता चांगला चालतोय, दोन दिवसांत एकदाही पडला नाही. एका नव्या कस्टमरला आपली सिस्टीम दाखवायची आहे, त्यासाठी त्याला दुसरा सर्व्हर मोकळा हवाय. तेव्हा फेलबॅक चालू केला, तर काम आपोआप पहिल्यावर जाईल आणि दुसरा सुटेल. मला वाटतं यात गैर काही नसावं. पण तुला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, असं मी ठरवलंय.

तुझी,
मधू

*

मिरज,
१० फेब्रुवारी

प्रिय मधू,

विचारलंस हे फार बरं केलंस. नाही. अजिबात चालू करू नकोस.

तो सर्व्हर दोन दिवस चांगला चालला, कारण त्याच्यावर काम नव्हतं. काम पडलं की तो बसणार. मग फेलओव्हर होऊन काम दुसऱ्याकडे जाईल. पहिला पुन्हा उठेल, फेलबॅक चालू असेल तर काम पुन्हा त्याच्याकडे, आणि तो पुन्हा बसेल. असा चेंडू इकडून तिकडे उडत राहतो आणि मधल्यामधे बुकिंग अर्धवट राहतात. सगळ्यात वाईट म्हणजे, थोड्या वेळात पुन्हा पुन्हा असं झालं की क्लस्टर, म्हणजे या दोन्ही सर्व्हरचा मिळून बनलेला संच, हात टेकतो. दुसरा सर्व्हर धडधाकट असला तरी कामच बंद करून टाकतो. मग माणसाने जाऊन सुरू करेपर्यंत काही नाही.

आणि आपल्याकडे "काही नाही" म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. सकाळी कुणाची तरी आजी बिल्डिंगखाली व्हीलचेअरमध्ये बसून व्हॅनची वाट बघत असते.

अभयला सांग, जाई नाही म्हणाली. माझं नाव पुढे कर, वाईटपणा मला येऊ दे. कार्ड बसलं की मी इथूनही बदल करून देईन.

बाबा आज वॉकर धरून दारापर्यंत गेले. परत येताना माझ्यावर ओरडले, म्हणजे सुधारतायत.

तुझी,
जाई

*

बुओना व्हिस्टा,
२४ फेब्रुवारी

प्रिय जाई,

इतके दिवस लिहिलं नाही. ऑफिसात धावपळ होती.

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. गुरुवारी सकाळी बुकिंग बंद पडलं. ड्रायव्हरांना कुणाला कुठून घ्यायचं ते कळलंच नाही. दुपारी सगळं सुरू झालं, पण तोवर बऱ्याच पेशंटची पाळी चुकली. क्वीन्सटाऊनच्या मॅडम गोह तुला आठवत असतील. त्यांना दम लागला, छातीत पाणी झालं, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. आता धोका टळलाय म्हणतात.

चौकशी चालू आहे. तू काळजी करू नकोस, बाबांकडे बघ. इथलं मी बघते.

ऋताला गणितात बक्षीस मिळालं. फोनवर सांगेलच.

मधू

*

मिरज,
२५ फेब्रुवारी

प्रिय मधू,

मॅडम गोह आठवत असतील, असं कसं लिहितेस? सेवा नवीन सुरू झाली तेव्हा मी एक दिवस व्हॅनमधून फिरले होते, तेव्हा त्यांच्याच शेजारी बसले होते. पूर्ण रस्ताभर त्यांनी माझा हात धरला होता. मला वाटलं त्या घाबरल्यात. त्या म्हणाल्या, "नो, यू लुक स्केअर्ड."

काल तुझी मेल वाचली आणि बाबांच्या गोळ्या द्यायच्या विसरले. दुसरा सर्व्हरही पडला का? पडला असेल, तर ती चूक माझी. त्याच्या डिस्कवर जागा कमी उरली होती आणि निघायच्या घाईत ती मी वाढवली का, हे मला काही केल्या आठवत नाहीये. फेलबॅक बंदच होता ना? मला काही नीट कळू दे.

मी अभयलाही लिहिलंय. लिहिलं, की ही सगळी मांडणी मी केलेली आहे, तिची जबाबदारी माझी, मधुवंतीला यात ओढू नका, ती केवळ माझ्या शब्दावर हे काम करतेय. तिथे राहून नोकरी करायच्या तुझ्या पासची मुदत वाढवायची वेळ आली आहे, नील घरी आहे, तुझ्यावर डाग नको.

आज मन इतकं उडालंय, की वाटतं सगळं सोडून इथेच राहावं. बाबा, मी, ऋता. मिरजेत काय शाळा नाहीत?

उत्तर लगेच लिही.

जाई

*

बुओना व्हिस्टा,
४ मार्च

प्रिय जाई,

तू अभयला लिहिलंस ते चांगलं झालं. त्याने तुझी मेल वरच्या लोकांना दाखवली. तू जबाबदारी टाळली नाहीस, याचं त्यांना कौतुक वाटलं.

तांत्रिक गोष्टी मला फारशा समजत नाहीत, तुला ठाऊक आहे. रिपोर्ट आला की कळेल. आत्ताच काही बोलणं बरं नाही, असं अभय म्हणतो.

माझ्या पासचा अर्ज मागच्या आठवड्यात गेला. होईल असं दिसतंय.

मिरजेत राहायचं म्हणतेस, त्यावर मी खूप विचार केला. खरंच, बाबांना या वयात तुझी गरज आहे. ऋता काय, कुठेही रमेल. तू मनाने तिकडेच आहेस, हे तुझ्या पत्रांतून दिसतंच.

मधुवंती

*

मिरज,
१२ मार्च

मधुवंती,

काल मला मीटिंगला घेतलं. अभय आणि एचआरच्या दोघी. बाबा पलंगावर झोपले होते, मी बाहेर जिन्यात बसून बोलत होते.

त्यांनी मला सांगितलं, की फेलबॅक चालू होता. काम इकडून तिकडे गेलं, पुन्हा गेलं, पुन्हा गेलं आणि बंद पडलं. मी तुला जसं होईल म्हणून लिहिलं होतं, अगदी तसंच. मी म्हटलं, "पण फेलबॅक मी बंद ठेवला होता." त्यावर एचआरची बाई शांतपणे म्हणाली, "मधुवंती म्हणाल्या, की त्यांच्या हातात आला तेव्हाच तो चालू होता."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. अभय कॅमेऱ्यापुढून बाजूला झाला.

मी दहा फेब्रुवारीला तुला लिहिलेली मेल त्यांना पाठवली. अभयचं उत्तर आलं, की ती दोन मैत्रिणींमधली खासगी मेल आहे आणि कस्टमरला उत्तर देऊन विषय संपलाय. संपणारच. चालू करायला त्यानेच सांगितलं ना? मग त्याने तरी काय वेगळं म्हणावं! आणि जबाबदारी माझी आहे, असं मीच लिहून दिलंय. तुला वाचवायला लिहिलं होतं, मधुवंती. तुला.

माझी नोकरी गेली. पास रद्द होतोय, म्हणजे ऋताचाही. माझी मुलगी तुझ्या घरात झोपते, तुझ्या हातचं जेवते, आणि तिची शाळा सुटणार हे माहीत असताना तू तिला डबा भरून देत होतीस. कशी देत होतीस? मला खरंच जाणून घ्यायचंय. अभयचं मला काही वाटत नाही. तो असाच आहे. पण तू विचारलं होतंस मला. मी नाही म्हटलं होतं. मग विचारलंस कशाला?

जाई

*

बुओना व्हिस्टा,
१५ मार्च

जाई,

तुझं पत्र आल्यापासून मी नीलशीही बोललेले नाही. जे झालं ते सांगते, मग काय म्हणायचं ते म्हण.

मी अभयला सांगितलं होतं, जाई नाही म्हणाली. तो हसला. म्हणाला, "जाई मिरजेत आहे, आपण इथे आहोत. तुझ्या पासच्या कागदांवर सही माझी लागणार आहे, जाईची नाही." मी चालू केलं. दहा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, तुझी काळजी जरा जास्तच होती.

चौकशीत मी काही रचून सांगितलं नाही. अभयनेच विचारलं, "तुझ्याकडे आलं तेव्हा हे असंच होतं ना?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. एवढंच केलं मी. एक हो.

तू आधीच लिहून दिलं होतंस, की जबाबदारी तुझी. तू लिहिलं होतंस, की इथेच राहावंसं वाटतं. मला वाटलं, तुला नाहीतरी परत यायचंच नाहीये. तुझं घर आहे तिथे, बाबा आहेत. आमचं तिकडे काय आहे? नीलच्या भावाने फ्लॅट विकला. आम्ही परत जायचं तर कुणाच्या दारात? दोघींपैकी एकीचं जाणार होतं. तुझं गेलं तर तू पडणार नव्हतीस, असं मी स्वतःला समजावलं.

ऋताचं मी मनापासून केलं. ते नाटक नव्हतं. हवं तर ती वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे राहू दे, इकडची शाळा बघण्याचा काहीतरी मार्ग काढू. मला एवढं तरी करू दे.

मधू

*

बुओना व्हिस्टा,
११ एप्रिल

मधुवंती,

तू खालच्या मजल्यावर राहतेस आणि मी पत्र लिहितेय. समोर आले तर काय बोलेन याचा भरवसा नाही, म्हणून.

परवा ऋताला तुझ्याकडून आणलं तेव्हा तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. नीलने तिची बॅग दिली आणि माझ्याकडे न बघता दार लावलं. ऋता लिफ्टमध्ये विचारत होती, "मधुमावशी बाय म्हणायला का नाही आली?" मी सांगितलं, तिला काम आहे. तिला मी काहीच सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुझ्याकडे ती दोन महिने सुखात होती, तेवढं तरी तिच्याजवळ राहू दे. पण तिला इथे मागे ठेवायचं तू सुचवलंस, ते पुन्हा सुचवू नकोस.

बाबा आता अंगणापर्यंत चालतात. सविताआत्या राहायला आली आहे, म्हणून मला इथलं आवरायला येता आलं. घर रिकामं केलं, शाळेत सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. मागची नोकरी का सुटली, हे ते विचारतील. काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. खरं सांगितलं तर सबब वाटेल.

खरं म्हणजे हे तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. काल मी मॅडम गोहना भेटायला गेले.

कंपनीकडून कुणी गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. चूक माझी नव्हती, तरी ती सगळी व्यवस्था मी उभी केली होती आणि तिच्यामुळे त्या हॉस्पिटलात गेल्या होत्या. न भेटता देश सोडणं मला जमत नव्हतं. संत्री घेतली. त्यांच्या मुलीने दार उघडलं. मी म्हटलं, "मी जाई. व्हॅनच्या बुकिंगच्या कंपनीत होते."

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग आत वळून आईशी चिनीत काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "पण जाई तर येते आमच्याकडे."

मधुवंती, मी दारातच उभी राहिले.

त्या सोफ्यावर बसल्या होत्या. बारीक झाल्यात. मला त्यांनी ओळखलं नाही. त्या व्हॅनच्या फेरीला आता किती दिवस झाले. त्या मला तुझ्याबद्दल सांगायला लागल्या. "दॅट जाई, व्हेरी गुड गर्ल. फर्स्ट टाइम कम, शी क्राय अँड क्राय. आय गिव्ह हर हॉट मायलो, शी ड्रिंक." हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या त्याच आठवड्यात तू गेलीस. माझ्यामुळे झालं, असं म्हणालीस. नाव विचारलं तेव्हा जाई सांगितलंस. तेव्हापासून दर शनिवारी टॅक्सीने त्यांना डायलिसिसला नेतेस, संपेपर्यंत बाहेर थांबतेस, परत आणतेस. मुलीने फोन काढून दाखवला. जाई या नावापुढे तुझा नंबर होता.

मी खाली बसले. मला वाटत होतं, तू जे केलंस ते संपलं. माझी नोकरी गेली, पास गेला, इथलं घर गेलं, आणखी घेण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी धरून चालले होते. तुझं रडूही तू माझ्या नावावर रडलीस. त्या बाईने कधी ऑफिसात चौकशी केली, तरी तिथे जाईच सापडावी, इतका विचार रडता रडता केलास? की तो आपोआपच सुचला? मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही.

एक मात्र सांगते. परत निघताना मी मॅडम गोहच्या गुडघ्यापाशी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. सावकाश, सोप्या इंग्रजीत. त्या दिवशी सकाळी काय बंद पडलं आणि का. कुणी चालू केलं, कुणी करायला लावलं, कुणी नाही म्हटलं होतं. एचआरने जे ऐकून घेतलं नाही ते त्यांनी पूर्ण ऐकलं. मध्येच मुलगी रागाने उठली आणि तुझा नंबर पुसायला निघाली. त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

मग मला विचारलं, "सो, व्हॉट इज हर नेम?"

मी सांगितलं. त्यांना ते पटकन म्हणता येईना. दोन-तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं, म-धु-वं-ती, आणि मुलीला जाई पुसून तिथे ते लिहायला लावलं.

तू आलीस तर त्या दार उघडतील की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. उद्या शनिवार आहे. आम्ही सकाळच्या विमानाने जातोय. तुला जायचं असलं तर जा, पण त्यांनी दारातून नाव विचारलं, तर स्वतःचं सांग.

जाई